तिसऱ्या माणसाचा कायदा

29 ऑक्टोबर 1987, पहाटेचे तीन. पुणे-बंगळूर महामार्गावर, सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि एक ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून खाली गेला आणि कुशीवर आडवा झाला. पेट्रोल गळत राहिले. उजाडले तशी आसपासची माणसे तिथे गोळा झाली आणि सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. कित्येक जण भाजले, कित्येक दगावले. मेलेल्यांत एका बाईचा मुलगा होता. तिने त्या वेळच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 92-अ खाली भरपाईचा अर्ज केला. त्या कलमाखाली मृत्यूबद्दल मिळणारी रक्कम ठरलेली होती : 15,000 रुपये.

या 15,000 रुपयांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अर्जाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की टक्कर तीन वाजता झाली आणि माणसे सातनंतर मेली. मधल्या चार तासांत टँकर जागचा हललेला नव्हता. उलटून पडलेल्या वाहनाचा ‘वापर’ तो कसला? स्फोट हा निराळा प्रकार, त्याचे नाते मोटार अपघाताशी जोडता येणार नाही. अपघाताच्या दाव्यांसाठी असलेल्या न्यायाधिकरणाला हे पटले होते. मुंबई उच्च न्यायालयाला पटले नाही, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते फेटाळले. अपघात वाहनाच्या वापरा‘मुळे’ झाला पाहिजे असे कायदा म्हणत नाही, वापरा‘तून उद्भवलेला’ म्हणतो, आणि हा दुसरा शब्दप्रयोग जास्त पैस असलेला आहे. टँकर चालत नव्हता म्हणून तो वापरात नव्हता असे होत नाही. टक्कर, गळती आणि स्फोट या एकाच साखळीच्या कड्या आहेत.

अपघातातली इजा आणि विम्याचे वाद या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याने सुरुवात या निकालापासून करावी असे मला मनापासून वाटते. रक्कम लहान, घटना भयंकर, आणि सारा खटला एका शब्दावर उभा. शिवाय या निकालाच्या मध्यभागी जी आई आहे, तिने कुठल्याही पॉलिसीवर सही केलेली नव्हती. हप्ता भरलेला नव्हता. टँकरचा मालक कोण आणि त्याचा विमा कोणाकडे, हे तिला मुलगा गेल्यानंतरच कळले असणार. तरीही टँकरमालक आणि विमा कंपनी या दोघांनी आपसांत केलेल्या करारातून तिला पैसे मिळायचे होते. कराराच्या कायद्यात ही गोष्ट विलक्षण आहे. एरवी दोघांच्या करारात तिसऱ्याला बोलायला जागा नसते. इथे मात्र करार त्या तिसऱ्यासाठीच करायचा, न केल्यास गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा हुकूम आहे. ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण आरटीओच्या दारात, पेट्रोलपंपावर, एजंटच्या टेबलाशी इतका ऐकतो की तो तिसरा म्हणजे कोण, हे विसरून जातो. तो रस्त्याच्या कडेने चालणारा कोणीही.

हा हुकूम आपल्याकडे यायला वेळ लागला. 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या घरच्यांना दावा लावायची वाट करून दिली होती, पण ती दिवाणी न्यायालयातून जाणारी. तिथे कोर्ट फी होती, साक्षीपुराव्याचे काटेकोर नियम होते आणि पदरात हुकूमनामा पडला तरी वसुली गाडीमालकाच्या ऐपतीवर अवलंबून होती. ब्रिटनने 1930 मध्ये त्रयस्थासाठीचा विमा सक्तीचा केला. आपल्या 1939 च्या कायद्यात तशी तरतूद आली, तरी ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले 1 जुलै 1946 रोजी. दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमायची तरतूद 1956 च्या दुरुस्तीने झाली. आजचा कायदा 1988 चा, आणि त्यात 2019 साली मोठे फेरफार झाले. एवढा कालक्रम हाताशी असला की पुरे, कारण या क्षेत्राचा जीव कलमांपेक्षा निकालांत आहे.

निकाल वाचू लागलात की दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतील. किती द्यायचे? आणि कोणी द्यायचे? जवळजवळ प्रत्येक अपील या दोहोंपैकी एकावर, बहुधा दोहोंवर, लढले जाते.

‘किती’चा हिशेब पूर्वी न्यायाधीशागणिक बदलत असे. सारख्या वयाच्या, सारख्या कमाईच्या दोन माणसांच्या घरच्यांना दोन जिल्ह्यांत दोन रकमा मिळत. 2009 मध्ये न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी लिहिलेल्या ‘सरला वर्मा’ निकालाने यात शिस्त आणली. मृताच्या वार्षिक कमाईतून त्याचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा आणि जे उरते त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पंचविशीपर्यंत गुणक 18. मग दर पाच वर्षांना एकेक उतरत पन्नाशीपर्यंत 13. त्यानंतर दोन-दोनने उतरत सत्तरीला 5. विशीतल्या माणसाची कमाईची चाळीस वर्षे उरलेली असताना गुणक अठराच का, असे प्रत्येक नवा वाचक विचारतो. रक्कम एकदम हाती येते आणि तिच्यावर व्याज मिळते, शिवाय आयुष्यातल्या इतर अनिश्चित गोष्टीही धरायच्या असतात, म्हणून. 31 ऑक्टोबर 2017 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘प्रणय सेठी’ प्रकरणात या चौकटीवर शिक्कामोर्तब केले आणि पुढे वाढू शकणाऱ्या कमाईची टक्केवारीही ठरवून दिली. कायम नोकरीतल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला पन्नास टक्के. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असलेल्याला चाळीस. हातावर पोट असलेल्याची कमाईही वर्षागणिक वाढते, हे न्यायालयाने स्वच्छ मान्य केले, आणि माझ्या मते त्या निकालातला सर्वांत माणुसकीचा भाग हाच आहे.

आकडे नुसते वाचून कळत नाहीत, म्हणून एक हिशेब मांडून पाहू. समजा, 34 वर्षांचा गवंडी. महिन्याला 15,000 मिळवणारा. घरात बायको, दोन मुले, म्हातारी आई. वर्षाचे 1,80,000, त्यात भावी वाढीचे चाळीस टक्के म्हणजे 72,000 मिळवले की 2,52,000. अवलंबून चार माणसे, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : 1,89,000. गुणक 16. गुणाकार 30,24,000 रुपये. आता असे धरा की त्याची मजुरी दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, रोख मिळत होती. मुकादमाची हजेरीवही कोणी न्यायाधिकरणात आणली नाही, मुकादम साक्षीला आला नाही. न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना 8,000 धरले. तोच माणूस, तेच घर, तोच गुणक; रक्कम 16,12,800. चौदा लाखांहून अधिकचा हा फरक कायद्याच्या कुठल्याही मुद्द्यावर पडलेला नाही. तो एका वहीने पाडला. या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या तरुण वकिलांना माझे कळकळीचे सांगणे असते की निकालांच्या प्रती जमवण्याआधी ती वही जमवा.

आणि जिची वहीच नसते, तिचे काय? घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल हा या शाखेतला सर्वांत बोलका धागा आहे. 1994 साली कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरायचे असा नियम होता. म्हणजे सारखाच स्वयंपाक, सारखेच पाणी भरणे, सारखेच आजारपण काढणे. पण नवरा शिपाई असला तर बाईच्या कामाचे मोल कमी आणि साहेब असला तर जास्त. मोटार अपघाताशी संबंध नसलेल्या एका दुर्घटनेने इथे वाट दाखवली. 3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या संस्थापकदिनाच्या सोहळ्यात आग लागून स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने दगावली. भरपाईचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे सोपवला होता. 2001 च्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना 3,000 रुपये धरले. आकडा तोकडाच, पण बाईच्या कामाचा दर नवऱ्याच्या पगारापासून सुटा झाला. 2010 मध्ये आणखी एका निकालात न्या. ए. के. गांगुली यांनी जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या सोबतीने अनुत्पादक गटात टाकल्याबद्दल कडक शब्दांत नाराजी नोंदवली. 2021 च्या ‘कीर्ती’ प्रकरणात न्या. एन. व्ही. रमणा यांनी 2011 च्या जनगणनेचा दाखला दिला : घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या स्त्रिया जवळपास सोळा कोटी, पुरुष अठ्ठावन्न लाखांच्या आसपास. घरच्या बिनपगारी कामात बाईची रोजची सरासरी 299 मिनिटे जातात आणि पुरुषाची 97, हेही त्याच निकालात आहे. भरपाईच्या एका अपिलात देशातल्या घराघरांतली कामाची वाटणी नोंदली गेली. अशी पाने या शाखेत आहेत, म्हणून ती मला प्रिय आहे.

मागे राहिलेली तरुण विधवा पुन्हा लग्न करते तेव्हा विमा कंपनी म्हणते, आता ती अवलंबून राहिली नाही. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे म्हणणे ऐकून घेतले नाही. भरपाई मिळण्यासाठी बाईने जन्मभर किंवा पैसे हाती येईपर्यंत विधवा राहावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. 2021 च्या एका निकालात जावयाकडे राहणाऱ्या सासूलाही सर्वोच्च न्यायालयाने त्याची कायदेशीर प्रतिनिधी मानले. नातेवाईक कोण हे वारसाहक्काच्या कायद्यावरून ठरवण्यापेक्षा मेलेल्याच्या कमाईतले ताट कोणापुढे येत होते ते बघायचे, अशी ही दिशा.

जिवंत राहिलेल्या जखमींचे प्रश्न याहून कठीण. हाडांचा डॉक्टर दाखल्यावर लिहितो : डाव्या हाताचे साठ टक्के अपंगत्व. त्या साठाचा अर्थ काय? ‘राजकुमार’ या 2010 च्या निकालात न्या. रवींद्रन यांनी शिकवणीसारखे समजावून सांगितले आहे. अवयवाचे अपंगत्व, सबंध शरीराचे अपंगत्व आणि कमाईची क्षमता कमी होणे या तीन वेगळ्या गोष्टी. डावा हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत टिकून राहू शकतो. तोच हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर कमाईच्या दृष्टीने जवळजवळ संपतो. म्हणून दाखल्यावरचा आकडा उचलून गुणाकारात टाकायचा नाही; माणूस काय काम करत होता, आता काय करू शकतो आणि काय नाही, हे विचारायचे. न्यायाधिकरणाने मुकाट्याने बघत न बसता डॉक्टरला प्रश्न विचारावेत, असेही तिथे बजावले आहे. त्याआधीचा 1995 चा एक निकाल कमरेखालून लुळ्या झालेल्या मुंबईच्या वकिलांच्या दाव्याचा. खर्च आणि बुडालेली कमाई एकीकडे, वेदना आणि हरवलेले जगणे दुसरीकडे, अशी मांडणी त्यात नीट सापडते.

आता दुसरा प्रश्न : कोणी द्यायचे? विमा कंपनीकडे कायद्याने मोजकेच बचाव असतात. त्यांपैकी सर्वांत जास्त घेतला जाणारा बचाव ड्रायव्हरच्या लायसनचा. 1987 च्या ‘स्कँडिया’ प्रकरणातली हकिकत साधी आहे. ट्रकड्रायव्हर समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला, इंजिन चालूच ठेवले, गाडी क्लीनरच्या भरवशावर. क्लीनरकडे लायसन नव्हते; त्याने गाडी हलवली आणि माणूस गेला. कंपनी म्हणाली, बिनलायसनचा माणूस चालवत होता, आम्ही सुटलो. न्या. एम. पी. ठक्कर यांनी उलटा प्रश्न विचारला : मालकाने काय चूक केली? त्याने तर लायसनवाला ड्रायव्हर नेमला होता. अट मोडली हे पुरेसे नाही, विमा उतरवणाऱ्याने ती जाणूनबुजून मोडली हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. 2004 मध्ये ‘स्वर्णसिंग’ निकालाने हा विचार तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडून पक्का केला आणि ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ ही वाट रुळवली. कंपनी आणि मालक यांचे भांडण त्यांनी मागाहून मिटवावे. तोवर तिसऱ्याने ताटकळू नये. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते की नाही, हा वादही 6 नोव्हेंबर 2024 रोजी घटनापीठाने चालवता येते असे सांगून निकालात काढला. छोटा टेम्पो चालवणाऱ्या असंख्य घरांना त्या दिवशी धीर मिळाला असेल.

मात्र तिसरा माणूस प्रत्येक वेळी जिंकतो असे समजून या क्षेत्रात येऊ नका. मालाच्या गाडीत फुकट बसलेला प्रवासी हा सक्तीच्या विम्यात मोडत नाही, असे 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले; त्याआधी तीनच वर्षे उलट सांगितले होते. आपल्याकडे वऱ्हाड टेम्पोतून जाते. ऊसतोडीची कुटुंबे बीडहून पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार लादून निघतात. ज्यांना दुसरे वाहन परवडत नाही ते मालाच्या गाडीत बसतात, आणि नेमके तेच या निकालामुळे उघड्यावर पडतात. मालाचा मालक म्हणून बसलेल्याला 1994 च्या दुरुस्तीने संरक्षण आहे, मजुराला कामगार भरपाईच्या तरतुदींचा पर्याय निवडता येतो. पण लग्नाला निघालेल्या मावशीला काय म्हणायचे? मला हा निकाल शब्दार्थाने बरोबर आणि परिणामाने क्रूर वाटतो. उपाय न्यायालयापेक्षा संसदेकडे आहे. केवळ सक्तीचा विमा असलेल्या दुचाकीवर मागे बसलेल्याची गतही तीच : 2006 पासून कायदा त्याला त्या पॉलिसीत धरत नाही. हप्त्याचा चेक वटला नाही तर काय, हा प्रश्नही खेडोपाडी येतो. कंपनीने अपघाताआधी पॉलिसी रद्द करून मालकाला तसे कळवले असेल तर ती सुटते. नसेल कळवले, तर तिसऱ्याला पैसे द्यावेच लागतात.

निष्काळजीपणाचा मुद्दा वेगळ्या प्रकरणाइतका मोठा आहे, पण इथे थोडक्यात. मुंबईहून गेलेल्या एका अपिलात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याविना भरपाई नाही. त्यावरून झालेल्या विचारमंथनानंतर 1982 मध्ये दोषाविना द्यायच्या भरपाईचे कलम 92-अ आले, तेच कवठ्याच्या आईने वापरले. आज त्या वाटेने मृत्यूबद्दल 5 लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मिळतात. दोष दाखवून पूर्ण भरपाई मागायची असेल, तरी फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवनीय, एवढेच बघायचे. टायर फुटला म्हणून अपघात झाला, ती दैवी आपत्ती, असा बचाव 2010 साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीच्या प्रकरणात घेतला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तो नाकारला. टायरची हवा, झीज आणि गाडीचा वेग या माणसाच्या हातातल्या गोष्टी आहेत. पंक्चरवाल्याला हे केव्हापासून ठाऊक आहे.

एका तरतुदीबद्दल मी गप्प बसू शकत नाही. 1988 च्या कायद्यात दावा सहा महिन्यांत लावायची अट होती. 1994 मध्ये संसदेने ती काढून टाकली, कारण जखमी माणूस दवाखान्यात आणि घरचे दशक्रिया, कर्ज, शाळेची फी यांत असताना हे दिवस कसे निघून जातात हे उमगले होते. 2019 च्या दुरुस्तीने तीच अट परत आणली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल थेट न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, म्हणजे मुदतीचा प्रश्न येणार नाही, असे तिचे समर्थन केले जाते. अहवाल वेळेवर गेला तर ते खरे. पण जिथे पंचनाम्याची प्रत मिळवायला चार खेपा घालाव्या लागतात, तिथे सहा महिने म्हणजे काय, हे खेप घालणाऱ्याला विचारावे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. वाचकाने त्या वादाकडे लक्ष ठेवावे.

निकाल हाती घेतलात की आधी कायद्याच्या परिच्छेदांकडे धावू नका. पहिली दोन-तीन पाने, जिथे गाडी कोणती, रस्ता कुठला, माणूस काय करायचा, घरी कोण, हे लिहिलेले असते, ती सावकाश वाचा. मग मागितलेली रक्कम, न्यायाधिकरणाची रक्कम, उच्च न्यायालयाची आणि शेवटची, अशा चार ओळी कागदावर उतरवा आणि प्रत्येक फरक कशाने पडला ते समासात टिपा. त्याच कागदाच्या माथ्यावर अपघाताची तारीख आणि अंतिम निकालाची तारीख शेजारी शेजारी लिहा. कवठ्याच्या निकालावर लिहाल : ऑक्टोबर 1987, 1991. ज्या ‘सरला वर्मा’चा गुणक आज देशभरची न्यायाधिकरणे लावतात, त्या कागदावर लिहाल : 18 एप्रिल 1988, 15 एप्रिल 2009.